लिहिता लिहिता संगणक रुसतो तेव्हा

चैत्र-वैशाखात कोलकात्याच्या आकाशाचा भरवसा नसतो. दुपारभर अंगाची लाही लाही होते आणि संध्याकाळी पाहावे तो वायव्येकडून काळेभोर ढग चालून येतात. धूळ उडते, झाडे वाकतात, पाऊस कोसळतो. बंगाली लोक या वादळाला ‘कालबैशाखी’ म्हणतात. ते आले की पूर्वी घरोघरी दोन कामांची धांदल उडे: खिडक्या लावणे आणि मेणबत्ती शोधणे. आता तिसरे काम आले आहे. संगणकावर लिहीत बसलेल्या माणसाला आतल्या खोलीतून कुणीतरी ओरडून विचारते, ‘‘लिहिलेले सेव्ह केले का?’’

वीज गेली आणि लिहिलेले गेले, तर वाईट वाटते, पण कारण तरी कळते. दोष वादळाला देता येतो. खरी गंमत, किंवा खरा वैताग, पुढे आहे. वीज आहे, पंखा चालू आहे, बाहेर ऊन आहे आणि तरीही लिहिता लिहिता पडद्यावरची खिडकी एकाएकी नाहीशी होते. ना सूचना, ना निरोप. असे एकदा झाले तर माणूस सोडून देतो. रोज होऊ लागले की संगणकावरचा विश्वासच उडतो आणि पुष्कळ जण पुन्हा वहीकडे वळतात. वहीकडे वळण्यात वाईट काही नाही, पण ते नाइलाजाने होऊ नये.

लिहिण्याच्या प्रोग्रामला ‘टेक्स्ट एडिटर’ म्हणतात. अक्षरे टाइप करणे, खोडणे, हलवणे आणि साठवणे एवढेच त्याचे काम. पूर्वी युनिक्स पद्धतीच्या संगणकांशी घरच्या माणसांचा संबंध येत नसे, ती विद्यापीठांची मिरासदारी होती. आता तसे राहिलेले नाही. विंडोज १० ला मिळणारा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. जुना पण धडधाकट संगणक मोडीत काढण्यापेक्षा त्यावर विनामूल्य मिळणारी लिनक्स प्रणाली टाकावी, असे अनेक घरांत ठरते. काही जण विंडोज ठेवूनच तिच्या पोटात युनिक्ससारखे वातावरण उभे करतात. त्यासाठी १९९५ मध्ये सुरू झालेला सिग्विन आहे आणि मायक्रोसॉफ्टने २०१६ मध्ये आणलेली स्वतःची सोयही आहे. या सगळ्यांबरोबर व्हिम, ईमॅक्स, नॅनो, जीएडिट, केट अशी एडिटरांची अख्खी वरात घरात येते. ती कधी रुसली तर समजूत कशी काढायची, हे माहीत असलेले बरे.

कोलकात्याची जुनी ओळख

कोलकाता आणि संगणक यांचे नाते फार जुने आहे. भारतात आलेला पहिला डिजिटल संगणक याच शहरात बसवला गेला. बारानगर येथील भारतीय सांख्यिकी संस्थेत, प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या पुढाकाराने, १९५५-५६ च्या सुमारास इंग्लंडहून ‘एचईसी-२एम’ नावाचे यंत्र आले. खोलीची बरीचशी जागा अडवणाऱ्या त्या यंत्राची स्मृती एका फिरत्या चुंबकीय पिंपावर होती आणि तीत जेमतेम १,०२४ संख्या मावत. आज मनगटावरच्या घड्याळातही त्याच्या कित्येक पट स्मृती असते. पुढे १९६६ मध्ये याच संस्थेने जादवपूर विद्यापीठाच्या सहकार्याने ‘इसिजू-१’ हा संगणक तयार केला.

त्या काळी पडद्यावर लिहिण्याचा प्रश्नच नव्हता. आज्ञा भोके पाडलेल्या कार्डांवर जात. एखादे भोक चुकले की उत्तर चुके, आणि मग गठ्ठ्यातून नेमके चुकलेले कार्ड हुडकून काढावे लागे. चिडून सगळी कार्डे नव्याने करून चालत नसे. एकेक कार्ड तपासावे, संशयित बाजूला काढावे, पुन्हा चालवून पाहावे, असा तो शिरस्ता. सत्तर वर्षांत यंत्रे बदलली, शिरस्ता मात्र तोच राहिला आहे.

आधी माणूस वाचवा, मग घर

समजा, हाजरा रोडच्या आसपास राहणाऱ्या एका मराठी कुटुंबातील आजी आपल्या आठवणी लिहीत आहेत. यजमानांच्या नोकरीमुळे लग्नानंतर कोलकात्याला आल्या, ट्रामने फिरल्या, बंगाली शिकल्या, दुर्गापूजा आणि गणेशोत्सव दोन्ही केले. हे सगळे नातवंडांसाठी लिहून ठेवावे असे त्यांना वाटले. बंगळूरच्या नातवाने जुन्या संगणकावर लिनक्स घालून दिले. चाळीस पाने झाली आणि एके दुपारी एडिटर बंद पडला. आजींनी घाबरून फोन केला.

‘‘अरे बाळा, सगळं गेलं बघ.’’

‘‘आजी, आधी काहीही दाबू नकोस. काही गेलेलं नाही. चहा घे, मग सांगतो.’’

नातवाचा सल्ला अगदी बरोबर होता. आग लागली की आधी माणसांना बाहेर काढतात, आग का लागली याची चौकशी नंतर होते. इथे माणूस म्हणजे लिहिलेला मजकूर. बहुतेक चांगले एडिटर आपण न सांगताही मजकुराची एक चोरटी प्रत काढत असतात. हातघाईने एडिटर पुन्हा उघडून अर्धवट मजकूर तसाच साठवला किंवा येईल त्या प्रश्नाला ‘हो’ म्हटले, तर ती प्रत नाहीशी होऊ शकते. नुकसान पुष्कळदा एडिटर बंद पडण्याने होत नाही, ते या घाईने होते.

व्हिम हा एडिटर मूळ फाइलच्याच शेजारी एक लपलेली फाइल ठेवतो. तिच्या नावाची सुरुवात टिंबाने होते आणि शेवटी ‘एसडब्ल्यूपी’ ही अक्षरे असतात. सुमारे २०० अक्षरे टाइप झाली किंवा हात चार सेकंद थांबला की तो तीत ताजा मजकूर उतरवून घेतो. फाइल पुन्हा उघडली की तो स्वतःच सावध करतो आणि काय करायचे ते विचारतो. तिथे ‘रिकव्हर’ हा पर्याय निवडावा. मजकूर दिसला की तो वेगळ्या नावाने साठवावा, जुन्या फाइलशी ताडून पाहावा आणि खात्री झाल्यावरच ती लपलेली फाइल पुसावी.

ईमॅक्स दर ३०० कळा दाबल्यावर किंवा ३० सेकंदांच्या विश्रांतीनंतर प्रत काढतो. त्या प्रतीच्या नावाच्या दोन्ही टोकांना फुलीच्या जाळीसारखे ‘हॅश’ चिन्ह असते. ‘रिकव्हर फाइल’ या आज्ञेने ती परत आणता येते. नॅनो हा साधा एडिटर जाता जाता, शक्य झाले तर, मूळ नावापुढे ‘सेव्ह’ हा शब्द जोडून मजकूर ठेवून जातो. केट हाही आपली खास फाइल ठेवतो आणि पुढच्या वेळी मजकूर परत हवा का असे विचारतो. म्हणून एडिटर बंद पडल्यावर पहिले काम एकच. फाइलचा कप्पा उघडावा, लपलेल्या फाइली दिसतील अशी सोय करावी आणि जे जे सापडेल त्याची नक्कल पेनड्राइव्हवर घ्यावी. आजींची चाळीस पाने असोत की मुलाचा प्रकल्प, ती हाती आल्यावर मन शांत होते. पुढचा तपास शांत मनानेच करायचा असतो.

शेवटचे शब्द नीट ऐका

डॉक्टरकडे गेल्यावर नुसते ‘बरे वाटत नाही’ म्हणून भागत नाही. ताप कधी येतो, थंडी वाजते का, काय खाल्ले होते, हे सांगावे लागते. एडिटरचेही तसेच आहे. तो बंद पडला तेव्हा नेमके काय चालले होते? फाइल उघडताना, साठवताना, छापायला देताना, की नुसते टाइप करताना? रोज त्याच कृतीला पडतो, की कधीही? संगणकाशेजारी एक छोटी वही ठेवून तारीख, वेळ आणि कृती लिहून ठेवावी. पाच-सहा नोंदी झाल्या की त्यांतून आपोआप एक चित्र उभे राहते.

शक्य असेल तेव्हा एडिटर चित्रावर टिचकी मारून न उघडता ‘टर्मिनल’ या काळ्या खिडकीतून नाव टाइप करून उघडावा. मग जाताना तो जे काही बोलतो ते त्या खिडकीत उमटते. त्या चार शब्दांना फार मोल असते.

‘सेगमेंटेशन फॉल्ट’ असे दिसले, तर समजावे की प्रोग्रामने स्मृतीच्या अशा भागाला हात लावला जो त्याचा नव्हता, म्हणून प्रणालीने त्याला हाकलले. शेजाऱ्याच्या घरात शिरणाऱ्याला रखवालदाराने धरावे, तसेच हे. ‘किल्ड’ असा एकच शब्द दिसला, तर बहुधा संगणकाची स्मृती संपली आणि प्रणालीने इतरांना वाचवण्यासाठी याचा बळी दिला. एकाच वेळी इंटरनेटची वीस पाने उघडी ठेवणाऱ्यांना हा अनुभव जास्त येतो. ‘नो स्पेस लेफ्ट’ असे आले, तर डिस्क भरली आहे. लग्नाच्या चित्रफिती दुसरीकडे हलवल्या की काम झाले. ‘अबॉर्टेड’ आले, तर प्रोग्रामलाच आत काही विसंगती आढळली आणि पुढे जाण्यापेक्षा थांबलेले बरे असे त्याने ठरवले. लिनक्समध्ये प्रणाली स्वतःची रोजनिशीही लिहीत असते, तिच्यात त्या क्षणाची नोंद सापडते. सिग्विनमध्ये प्रोग्राम कोसळल्यावर ‘स्टॅकडंप’ या शेपटाची एक छोटी फाइल मागे राहते. ती घरच्या माणसाला कळणार नाही, पण जाणकाराला कळते. म्हणून ती कचरा समजून फेकू नये.

एका वेळी एकच बदल

रोगाचे मूळ शोधण्याच्या पद्धतीला कोलकात्यात एक थोर पूर्वज आहे. सर रोनाल्ड रॉस यांनी १८९८ मध्ये याच शहरातल्या प्रयोगशाळेत पक्ष्यांच्या हिवतापावर काम केले. आजारी पक्ष्याला चावलेले डास त्यांनी निरोगी पक्ष्यांना चावू दिले, आणि परजीवी डासाच्या लाळेतून पसरतो हे सिद्ध केले. दूषित हवा, दूषित पाणी अशा संशयितांच्या गर्दीतून खरा गुन्हेगार वेगळा काढता आला, कारण प्रयोगात एकेक गोष्ट निराळी केली होती. १९०२ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. संगणकातल्या दोषाला इंग्रजीत किडा म्हणतात, तेव्हा कोलकात्याच्या या डासाची आठवण होणे साहजिकच आहे.

घरी नेमके याच्या उलट होते. एडिटर बंद पडला की कुणी प्रणाली नव्याने टाकतो, त्याच दिवशी नवा फाँट घालतो, अँटिव्हायरस बदलतो आणि वर स्मृतीही वाढवतो. दोष गेला तर कशाने गेला ते कळत नाही आणि राहिला तर पैसे गेले. म्हणून नियम असा करावा की एका वेळी एकच बदल करायचा आणि तो वहीत लिहायचा.

पहिली चाचणी: एडिटर अगदी कोऱ्या अवस्थेत चालवून पाहावा. वर्षानुवर्षे आपण त्याला नाना दागिने चढवतो. शब्द सुचवणारे जोडप्रोग्राम, रंगसंगती, शुद्धलेखन तपासणी, नातवाने हौसेने घातलेल्या सोयी. हे सर्व दूर ठेवून एडिटर उघडण्याची युक्ती प्रत्येकात असते. व्हिमच्या नावापुढे दोन उणे चिन्हे आणि ‘क्लीन’ हा शब्द लिहावा. ईमॅक्सच्या पुढे एक उणे चिन्ह आणि मोठ्या लिपीतला ‘क्यू’ लिहावा. जीएडिटमध्ये पसंतीच्या पानावर जाऊन जोडप्रोग्रामांपुढच्या खुणा काढाव्यात. असे केल्यावर एडिटर न कुरकुरता चालला, तर तो स्वतः निर्दोष आहे. दोष दागिन्यांत आहे.

कोणत्या दागिन्यात? तेही सोपे आहे. समजा बत्तीस जोडप्रोग्राम आहेत. एकेक काढून पाहिला तर आठवडा जाईल. त्याऐवजी अर्धे, म्हणजे सोळा, बंद करावेत. तरीही पडला तर दोष उरलेल्या सोळांत आहे, पडला नाही तर बंद केलेल्या सोळांत. मग आठ, मग चार, मग दोन, मग एक. पाच चाचण्यांत चोर सापडतो. तांदळाच्या पोत्यात खडा कुठे आहे ते सुपात निम्मे निम्मे घेऊन पाहणाऱ्या सुगरणीला ही युक्ती शिकवावी लागत नाही.

दुसरी चाचणी: दुसरी फाइल. नव्या कोऱ्या फाइलमध्ये अर्धा तास लिहून पाहावे. तिथे काही होत नसेल आणि जुनीच फाइल उघडताना एडिटर पडत असेल, तर दोष मजकुरात दडला आहे. फाइलची नक्कल करून तिचेही निम्मे निम्मे भाग करत जावे. कधी हजारो अक्षरांची एकच अखंड ओळ सापडते, कधी जुन्या, युनिकोडच्या आधीच्या फाँटमधला मजकूर सापडतो. आणि कधी सापडते केवळ एक जोडाक्षर.

एका अक्षराने घेतलेला जीव

एक अक्षर प्रोग्राम पाडू शकते हे खोटे वाटेल, पण फेब्रुवारी २०१८ मध्ये जगभर हेच घडले. ॲपल कंपनीच्या फोनवर आणि संगणकांवर तेलुगू लिपीतले एक जोडाक्षर दिसताच प्रोग्राम कोसळू लागले. ते जोडाक्षर आपल्या ‘ज्ञा’चेच तेलुगू रूप होते, म्हणजे ज्ञानाचे पहिले अक्षर! मात्र त्याच्या पोटात एक न दिसणारे चिन्हही होते, अक्षरे जोडू नयेत म्हणून वापरले जाणारे. कुणी खोडसाळपणे ते संदेशातून पाठवले की समोरच्याचा प्रोग्राम बंद. लिहिण्याचा प्रोग्राम असो की निरोपाचा, जो कोणी ते अक्षर पडद्यावर काढू पाहील तो पडे. ॲपलच्या संगणकाची प्रणालीही युनिक्सच्याच घराण्यातली, हे विशेष.

थोड्याच दिवसांत प्रोग्रामर मंडळींनी हे प्रकरण उलगडले. निम्मे निम्मे करण्याचीच पद्धत त्यांनी वापरली. हे अक्षर पाडते, ते पाडत नाही, असे करत करत त्यांना आढळले की दोष एकट्या तेलुगूत नाही. बंगालीतल्या र-फलेच्या आणि य-फलेच्या, तसेच देवनागरीतल्या पायाशी ‘र’ जोडलेल्या अक्षरांपुढे ते अदृश्य चिन्ह आणि नंतर स्वरचिन्ह आले, तरी तोच प्रकार घडे. म्हणजे कोलकात्याची लिपी आणि महाराष्ट्राची लिपी, दोघी एकाच खड्ड्याच्या काठावर होत्या. १९ फेब्रुवारी २०१८ रोजी ॲपलने दुरुस्ती दिली आणि प्रश्न मिटला. दोष अक्षराचा नव्हता. तो अक्षरे मांडून दाखवणाऱ्या, सर्व प्रोग्रामांत सामाईक असलेल्या भागाचा होता.

आपल्या लिप्या संगणकाला कठीण का जातात, हे यावरून कळेल. इंग्रजी अक्षरे रांगेत शहाण्या मुलांसारखी एकापुढे एक उभी राहतात. आपल्या लिपीत ऱ्हस्व वेलांटी नंतर उच्चारली जाते, पण आधी काढली जाते. बंगालीत तर ‘ओ’काराचे चिन्ह व्यंजनाच्या दोन्ही बाजूंना बसते, एक हात डावीकडे, एक उजवीकडे. अक्षरे चढतात, उतरतात, एकमेकांत मिसळतात. हे सारे हिशेब करणारा भाग बराच काळ इंग्रजी जाणणाऱ्यांनीच लिहिला आणि इंग्रजीवरच तपासला.

तो सुधारला तो आपली भाषा पडद्यावर नीट दिसावी म्हणून झटणाऱ्या लोकांमुळे. पश्चिम बंगाल आणि बांगलादेशातील स्वयंसेवकांनी ‘अंकुर’ या प्रकल्पातून लिनक्स बंगालीत आणले. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने घडवलेले ‘लोहित’ फाँट रेड हॅट कंपनीने २००४ मध्ये सर्वांसाठी खुले केले, त्यांत बंगालीही होता आणि देवनागरीही. पूर्वी बंगालीतला ‘खंड त’ संगणकावर आडवळणाने लिहावा लागे. २००५ मध्ये युनिकोडने त्याला स्वतंत्र स्थान दिले. यातले प्रत्येक पाऊल कुणीतरी तक्रार केली, नमुना दाखवला आणि पाठपुरावा केला, म्हणून पडले.

घरमालक बदलला की भाडेकरूची पंचाईत

विंडोजच्या पोटात सिग्विन चालवणाऱ्यांना एक वेगळाच त्रास होतो. युनिक्सची जुनी रीत अशी की एखाद्या प्रोग्रामला दुसरे काम करवून घ्यायचे असले की तो आपलेच हुबेहूब जुळे भावंड निर्माण करतो. एडिटर शुद्धलेखन तपासायला किंवा फाइलींची यादी मागवायला दुसऱ्या प्रोग्रामला हाक मारतो तेव्हा हेच होते. विंडोजच्या घरात ही रीत नाही, म्हणून सिग्विनला तिचे सोंग वठवावे लागते. जुळ्याच्या घरात प्रत्येक डबा फडताळाच्या त्याच खणात, त्याच जागी असावा लागतो. त्या जागेवर अँटिव्हायरससारख्या तिसऱ्याच प्रोग्रामने आधीच आपले बोचके ठेवलेले असले, तर जुळे जन्मताच दगावते आणि एडिटर कुरकुरतो किंवा पडतो.

यावर उपाय तीन. पहिला, सिग्विनचे सर्व प्रोग्राम बंद करून त्याचा प्रतिष्ठापक पुन्हा चालवावा, म्हणजे तो सर्व डब्यांच्या जागा नव्याने आखून देतो. दुसरा, सिग्विनचा मुख्य आधारभाग संगणकात दोन ठिकाणी, दोन आवृत्त्यांत तर नाही ना, ते पाहावे. दुसऱ्या एखाद्या प्रोग्रामबरोबर तो गुपचूप आलेला असतो आणि एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत. तिसरा, अजूनही जुनी ३२ बिटची आवृत्ती असेल तर ती सोडावी. तिच्या फडताळात जागाच कमी असते आणि २०२२ नंतर तिच्या नव्या आवृत्त्या येणेही थांबले आहे.

दोष यंत्राचा असेल तर

एक खूण पक्की लक्षात ठेवावी. एकच एडिटर, एकाच कृतीला, दर वेळी पडत असेल तर दोष प्रोग्रामचा. आज एडिटर, उद्या गाण्यांचा प्रोग्राम, परवा इंटरनेट, असे कुणीही कधीही पडू लागले तर संशय यंत्रावर, त्यातही स्मृतीच्या पट्टीवर घ्यावा. ‘मेमटेस्ट’ नावाचा विनामूल्य प्रोग्राम पेनड्राइव्हवरून रात्रभर चालवला की स्मृतीतली कीड सकाळी पडद्यावर दिसते.

कोलकाता काय किंवा मुंबई काय, समुद्राजवळच्या दमट हवेत स्मृतीच्या पट्टीच्या पितळी दिसणाऱ्या टोकांवर मळ चढतो. टेबलावर ठेवायच्या संगणकाची हमीची मुदत संपली असेल, तर वीज पूर्ण काढून, पट्टी अलगद उपसून, ती टोके शाळेच्या खोडरबराने हलक्या हाताने पुसून पुन्हा घट्ट बसवतात. तेवढ्याने पुष्कळदा भागते. मुलांनी हा प्रयोग एकट्याने करू नये आणि लॅपटॉप जाणकाराकडेच न्यावा. पट्टी खराब निघाली तर बदलावी. कोलकात्याच्या चांदनी मार्केटमध्ये, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर तसेच इतर शहरांतही असा माल मिळतो. मात्र जुन्या पट्टीचा प्रकार आणि वेग कागदावर उतरवून न्यावा आणि पावती घ्यावी.

तक्रार करणे हीही सेवा

एवढे करून दोष एडिटरचाच ठरला, तर तो गिळून बसू नये. हे प्रोग्राम बहुधा स्वयंसेवक सांभाळतात. व्हिमचेच पाहा. नेदरलँड्सच्या ब्रॅम मोलेनार यांनी तो १९९१ मध्ये जगाला दिला. पैसे मागितले नाहीत, फक्त आवडल्यास युगांडातील किबाले येथील मुलांसाठी मदत करा, एवढेच सुचवले. ऑगस्ट २०२३ मध्ये ते गेले, तेव्हापासून त्यांचे सहकारी हे काम चालवीत आहेत. अशा लोकांना नीट लिहिलेली तक्रार म्हणजे भेटच वाटते. तक्रारीत प्रणाली कोणती, एडिटरची आवृत्ती कोणती, काय केल्यावर पडतो, शेवटचे शब्द काय होते आणि दोष दाखवणारा छोट्यात छोटा नमुना, एवढे असावे. राग नसावा. बंगाली किंवा मराठी मजकुराने एडिटर पडत असेल, तर ते आवर्जून कळवावे. दूर देशी बसलेल्या माणसाला आपले जोडाक्षर माहीत असण्याचे कारण नाही.

लिहिणाऱ्याने स्वतःसाठी मात्र एक सवय लावून घ्यावी. तज्ज्ञांनाही ती महागात पडल्यावर कळली आहे. व्हिमचा पूर्वज असलेला ‘व्ही-आय’ हा एडिटर बिल जॉय यांनी कॅलिफोर्नियातील बर्कले विद्यापीठात लिहिला. १९७८ च्या सुमारास ते त्यात पडद्याचे अनेक भाग एकाच वेळी दाखवण्याची सोय करत होते. नकला ठेवायचे टेपयंत्र बिघडले होते, तरी त्यांनी काम तसेच चालू ठेवले. नेमका तेव्हाच मूळ मजकूर खराब झाला आणि पुरी छापील प्रतही हाताशी नव्हती. त्यांनी ती सोय सोडूनच दिली. जगाला लिहिण्याचे साधन देणाऱ्याचेच लिहिलेले असे गेले.

म्हणून रोजचे लेखन संपले की एक प्रत पेनड्राइव्हवर, एक दुसऱ्या घरी किंवा इंटरनेटवरच्या कप्प्यात आणि महिन्यातून एकदा कागदावर छापून फाइलला लावावी. कागदाला वीज लागत नाही. कालबैशाखी येईल आणि जाईल, एडिटर रुसेल आणि हसेल. आजींच्या ट्रामच्या आठवणी तेवढ्या नातवंडांच्या हाती पोचल्या पाहिजेत.